चढाईचा बचाव : न्याय्य कीं अन्याय्य ?

बास्केटबॉलच्या सामन्यांत एका संघानें टोपलींत चेंडू टाकला, म्हणजे दुसरा संघ मैदानाच्या टोंकाच्या रेषेबाहेरून चेंडू आंत फेंकतो आणि खेळ पुन्हां सुरू होतो. यानंतर बहुतेक ठिकाणीं जें घडतें तें आमच्या वाचकांनीं पाहिलेलें असेल. ज्या संघानें गुण मिळविले तो, आपणांस जिचें रक्षण करावयाचें त्या टोपलीकडे धांवत परत जातो, तेथें हात पसरून उभा राहतो आणि विरुद्ध पक्ष चेंडू घेऊन सावकाश आपल्यापर्यंत येईल याची वाट पाहतो. परंतु कांहीं संघ परत जातच नाहींत. चेंडू आंत येतो तेथेंच ते प्रत्येक गड्यास खेटून उभे राहतात, ज्याला चेंडू मिळेल त्याच्यावर दोघे दोघे धांवून जातात, त्याला बाजूच्या रेषेशीं कोंडतात आणि त्याच्या हातून चूक होईपर्यंत त्याला उसंत घेऊं देत नाहींत. या डावास इंग्रजींत फुल-कोर्ट प्रेस म्हणतात. या लेखापुरतें आम्ही त्यास 'मैदानभर दाब' असें म्हणूं.

हा डाव लहान मुलांच्या सामन्यांत कोणीं खेळला, म्हणजे पुष्कळदां मैदानाबाहेर बसलेल्या पालकांत कुजबूज सुरू होते. हा खेळ नव्हे, ही दांडगाई आहे. ज्यांना अजून चेंडू धड झेलतां येत नाहीं त्यांच्यावर दोघांदोघांनीं तुटून पडण्यांत कसला पुरुषार्थ, असें बोललें जातें. जिंकणाऱ्या बाजूचे पालक उत्तर देतात कीं नियमांत बसतें तेंच आमच्या मुलांनीं केलें, तुमच्या मुलांनीं तयारी करून यावें. अमेरिकेंतील कित्येक बालस्पर्धांच्या नियमांत मैदानभर दाब ठराविक वयापर्यंत मना केलेला असतो, आणि कित्येकांत एका संघाची आघाडी ठराविक गुणांपलीकडे गेली कीं तो आवरता घ्यावा लागतो. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. मैदानभर दाब हा न्याय्य डाव आहे व त्यास परवानगी असावी. प्रतिपक्षाच्या अंगावर हात टाकून किंवा जाणूनबुजून फाऊल करून केलेला बचाव निराळ्या जातीचा आहे व त्यास ती नसावी. या दोहोंची गल्लत होते म्हणूनच वाद विकोपास जातो. लहान मुलांचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे; त्याकडे आम्ही पुढें वळूं.

प्रथम हा खेळ कां निर्माण झाला हें पाहणें अवश्य आहे. १८९१ सालच्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, स्प्रिंगफील्ड या गांवीं, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे तरुण शिक्षक होते. ते मूळचे कॅनडांतील. धर्मोपदेशकाचें शिक्षण पुरें करून ते शारीरिक शिक्षणाकडे वळले होते. बाहेर कडाक्याची थंडी, आणि आंत व्यायामशाळेंत तेच ते कवाइतीचे प्रकार करून कंटाळलेले अठरा विद्यार्थी, अशी त्यांची अडचण होती. त्यांचे वरिष्ठ लूथर गुलिक यांनीं त्यांस छपराखालीं खेळतां येईल असा नवा खेळ शोधून काढण्यास सांगितलें. नेस्मिथ यांनीं फुटबॉल, लॅक्रॉस असे परिचित खेळच थोडेफार बदलून आंत खेळवून पाहिले. परंतु चार भिंतींच्या आंत लांकडी जमिनीवर ते जमेनात.

मग त्यांनीं निराळ्या रीतीनें विचार केला. फुटबॉलमध्यें गडी एकमेकांस पाडतात तें कां ? चेंडू घेऊन धांवतां येतें म्हणून. धांवणारास थांबवावयाचें तर त्याला धरून पाडण्यावांचून गत्यंतर नसतें. तेव्हां चेंडू घेऊन धांवणेंच बंद केलें तर पाडापाडीचें कारणच नाहींसें होईल. तसेंच गोल जमिनीवर न ठेवतां डोक्यापेक्षां उंच ठेवला आणि त्याचें तोंड आकाशाकडे केलें, तर चेंडू जोरानें हाणून कांहींच साधणार नाहीं. तो नेम धरून अल्लद सोडावा लागेल. व्यायामशाळेच्या सज्जास दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यांत आल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावण्यांत आले आणि नऊ नऊ गड्यांचे दोन संघ खेळूं लागले. त्या पहिल्या सामन्यांत एकच गोल झाला. पुढें वाय. एम. सी. ए. च्या द्वारें हा खेळ जगभर गेला. आपल्या देशांत १९२० सालीं मद्रास येथें (आजचें चेन्नई) हॅरी क्रो बक यांनीं शारीरिक शिक्षणाची जी शाळा काढली तिचाही त्याच्या प्रसारास हातभार लागला. मिशनच्या शाळांच्या पटांगणांत हा खेळ दिसतो तो असा.

त्या तेरा नियमांपैकीं दोन नियम आमच्या विषयास फार उपयोगी आहेत. पांचवा नियम असा कीं, प्रतिपक्षाच्या गड्यास खांदा मारणें, धरणें, ढकलणें, पायांत पाय घालणें किंवा कोणत्याही रीतीनें मारणें मना आहे. प्रथम केलें तर फाऊल, पुन्हां केलें तर पुढील गोल होईपर्यंत मैदानाबाहेर. नववा नियम असा कीं, बाहेरून चेंडू आंत फेंकणारास पांच सेकंदच मिळतील. त्याहून अधिक वेळ त्यानें चेंडू हातांत ठेवला तर तो विरुद्ध पक्षास द्यावा. हे दोन नियम जवळ जवळ ठेवून वाचले म्हणजे नेस्मिथ यांचा कल स्पष्ट दिसतो. माणसाच्या अंगास त्यांनीं पूर्ण संरक्षण दिलें. चेंडूस मात्र त्यांनीं कसलेंच संरक्षण दिलें नाहीं. ज्याच्या हातांत चेंडू आहे त्याला उलट घाई लावून दिली. आमच्याकडील हुतुतूंत चढाई करणाऱ्या गड्याचा पाय किंवा कंबर धरणें हाच खेळ आहे आणि त्यांत कोणासही अन्याय वाटत नाहीं, कारण तो खेळच तसा बांधलेला आहे. बास्केटबॉल बांधला आहे तो निराळ्या पायावर. येथें वाट अडवावी, चेंडूवर झडप घालावी, पण माणूस धरूं नये.

आतां मैदानभर दाबाची ओळख करून घेऊं. अमेरिकन कॉलेजांतील बास्केटबॉलचें मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असतें. फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणें तें २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ तेवढेंच असतें. जो संघ आपल्या टोपलीभोंवतालची वीस-पंचवीस फूट जागाच राखतो, तो उरलेली सत्तर फूट जागा प्रतिपक्षास फुकट देऊन टाकतो. ही जागा द्यावी असें कोणत्याही नियमांत लिहिलेलें नाहीं. ती देण्याची वहिवाट पडली आहे, एवढेंच. शिवाय नियमांनीं त्या सत्तर फुटांत वेळेचे दोन पाश टाकून ठेवले आहेत. एक, वर सांगितलेले पांच सेकंद. दुसरा, मध्यरेषा ओलांडण्याची मुदत. पूर्वीं आघाडीवर असलेला संघ आपल्याच अर्ध्या मैदानांत चेंडू इकडून तिकडे फेंकीत वेळ काढी व प्रेक्षक जांभया देत. त्यास आळा घालण्यासाठीं अमेरिकेंत १९३२-३३ च्या हंगामापासून दहा सेकंदांची मर्यादा घालण्यांत आली. फिबाच्या नियमांत ती आज आठच सेकंदांची आहे. नियम करणारांस जर चेंडू विनासायास पुढें जावा असें वाटत असतें, तर त्यांनीं घड्याळ हातीं घेतलें नसतें.

दाब देणारा संघ या पाशांचा उपयोग करतो. चेंडू मिळालेला गडी बाजूच्या रेषेकडे वळला कीं एक रक्षक त्याच्या पुढें व दुसरा बाजूस येतो. रेषा ही तिसरी भिंत होते. तो मध्यरेषा ओलांडून गेला व तेथें सांपडला तर परत फिरण्याची त्याला सोय नाहीं, कारण पलीकडे गेलेला चेंडू पुन्हां मागें आणणें हा दोष आहे. ही चौथी भिंत. हात वर करून उभ्या असलेल्या दोन रक्षकांच्या डोक्यावरून तो घाईनें चेंडू फेंकतो, आणि तो झेलण्यासाठीं तिसरा रक्षक टपून बसलेला असतोच. मात्र हा डाव फुकट पडत नाहीं. पांचांपैकीं दोघे एकावर गेले म्हणजे उरलेल्या तिघांस चौघे सांभाळावे लागतात. कोंडलेल्या गड्यानें शांतपणें योग्य ठिकाणीं चेंडू दिला तर टोपलीसमोर एखादा गडी अगदीं मोकळा सांपडतो. शिवाय सबंध सामनाभर असें धांवण्यास जी छाती लागते ती महिनोन्महिने कमवावी लागते. जो हा डाव खेळतो तो आपली टोपली उघडी टाकण्याचा धोका पत्करूनच खेळतो, आणि या कारणास्तव त्यास भ्याड म्हणतां येत नाहीं.

या डावाचा इतिहासही त्याच्या बाजूनें साक्ष देतो. जॉन मॅकलेंडन हे कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३३ सालीं कॅन्सस विद्यापीठांत दाखल झाले. वर्णभेदामुळें विद्यापीठाच्या संघांत त्यांस प्रवेश नव्हता. परंतु नेस्मिथ त्या वेळीं तेथें शिकवीत होते, आणि त्यांनीं या विद्यार्थ्यास आपल्या पंखाखालीं घेतलें. पुढें नॉर्थ कॅरोलायनांतील डरहॅम येथें कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत मॅकलेंडन खेळाचे शिक्षक झाले, व मैदानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दाब देणें आणि चेंडू मिळतांच वेगानें धांवून जाणें हें त्यांच्या संघाचें वैशिष्ट्य ठरलें. १९४४ च्या मार्च महिन्यांत एका रविवारीं सकाळीं, गांवांतील लोक चर्चमध्यें असतांना, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंतील गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक बलाढ्य संघ गुपचूप त्यांच्या व्यायामशाळेंत आला. गोऱ्यांनीं व कृष्णवर्णीयांनीं एकत्र खेळणें त्या प्रांतांत निषिद्ध होतें. म्हणून दारें बंद करून सामना झाला. मॅकलेंडन यांच्या संघानें तो ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. बास्केटबॉलच्या जनकाचा शिष्यच या डावाचा एक आद्य पुरस्कर्ता होता, ही गोष्ट हा डाव खेळाच्या मूळ हेतूस विरोधी आहे असें म्हणणारांनीं लक्षांत घ्यावी.

वीस वर्षांनंतर लॉस एंजल्स येथील यू. सी. एल. ए. या विद्यापीठाच्या संघानें जॉन वूडन यांच्या शिकवणीखालीं १९६३-६४ च्या हंगामांत तीस सामने खेळून तीसही जिंकले. त्या संघाच्या पहिल्या पांच गड्यांत साडेसहा फूट उंचीचा एकही नव्हता. बास्केटबॉलमध्यें हें ठेंगणेपणच समजावें. अंतिम सामन्यांत समोर ड्यूकचा संघ होता, व त्यांत सहा फूट दहा इंचांचे दोन गडी होते. मैदानभर दाबाच्या जोरावर या ठेंगण्यांनीं पूर्वार्धांत लागोपाठ सोळा गुण मिळविले व सामना ९८ विरुद्ध ८३ असा जिंकला. उंची ही देवाची देणगी आहे. ती सरावानें येत नाहीं. टोपलीजवळच्या खेळांत उंच गड्याचें राज्य असतें, परंतु त्याच्यापर्यंत चेंडूच पोंचूं दिला नाहीं तर त्याची उंची निरुपयोगी होते. हा डाव बंद करावा म्हणणारे लोक, नकळत कां होईना, उंच व सधन संघांच्या हातांतील पारडें आणखी जड करीत असतात.

यासंबंधीं जी हकीकत सर्वांत अधिक गाजली तिचा नायक मूळचा मुंबईचा आहे. विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. ते अमेरिकेंत जाऊन शिकले, टिबको नांवाची संगणक-प्रणालींची कंपनी त्यांनीं काढली, आणि पुढें २०१३ सालीं सॅक्रामेंटो किंग्ज या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे ते मुख्य मालक झाले. त्यापूर्वीं कॅलिफोर्नियांतील रेडवूड सिटी येथें त्यांनीं आपल्या मुलीच्या संघास शिकविण्याचें पत्करलें. मुली बारा वर्षांच्या आसपासच्या. रणदिवे यांनीं स्वतः हा खेळ कधीं खेळलेला नव्हता. क्रिकेट व फुटबॉल पाहून वाढलेल्या या गृहस्थांस एका गोष्टीचें नवल वाटलें : गुण मिळवितांच संघ मागें कां पळतो, आणि एवढें थोरलें मैदान विरुद्ध पक्षास आंदण कां देतो ? आपल्या मुलींपैकीं बहुतेकींस नेम धरतां येत नाहीं, टप्पे देत चेंडू नेतां येत नाहीं, हें त्यांस दिसत होतें. तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं आपण प्रत्येक सामना पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत दाब देऊनच खेळावयाचा.

माल्कम ग्लॅडवेल यांनीं २००९ सालीं 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत ही हकीकत लिहिली, आणि तिच्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या सांगण्याप्रमाणें, चेंडू आंत फेंकणारीच्या समोर उभी राहणारी मुलगी या संघानें तेथून काढली आणि तिला प्रतिपक्षाच्या सर्वांत चांगल्या मुलीवर दुसरा पहारा म्हणून नेमलें. समोरच्या मुलींस पांच सेकंदांत चेंडू आंत देतां येईना. दिला तर मध्यरेषेपर्यंत नेतां येईना. चेंडू टोपलीच्या अगदीं जवळच हिसकावला जाई, त्यामुळें लांबून नेम धरण्याची गरजच पडत नसे. एका सामन्यांत गुण पंचवीस विरुद्ध शून्य असे झाले होते. प्रतिपक्षाचे शिक्षक संतापत, ओरडत. हा खेळ नव्हे असें म्हणत. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोंचला व तेथेंही पहिले दोन सामने जिंकला. तिसऱ्या सामन्यांत मात्र पंचांनीं या मुलींवर जराशा स्पर्शाबद्दलही फाऊलमागून फाऊल दिले. अखेर रणदिवे यांनीं दाब देणें थांबविलें, मुली इतरांप्रमाणें मागें जाऊन खेळल्या, आणि हरल्या.

ही कथा वाचून आमच्या मनांत दोन विचार येतात. पहिला असा कीं, नियमांत न लिहिलेला एक संकेत या मुलींनीं मोडला, आणि रागावणाऱ्यांचा राग मुख्यतः त्याबद्दल होता. बलवानाच्या सोयीचे संकेत दुर्बळानें पाळलेच पाहिजेत असें नाहीं. महाराष्ट्रांत वाढलेल्या वाचकांस गनिमी काव्याची आठवण झाली तर आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. दुसरा विचार या संघास तितकासा अनुकूल नाहीं. ज्या मुलींस नेम धरतां येत नव्हता त्यांस सबंध हंगाम जिंकूनही नेम धरण्याची गरज पडली नाहीं. खेळाच्या शाळेंत त्या एका विषयांत पहिल्या आल्या, व बाकीच्या विषयांचे तास त्यांनीं घेतलेच नाहींत, असें कोणी म्हटलें तर त्यांत तथ्य आहे. परंतु या कारणासाठीं डावास मनाई करणें म्हणजे गणितांत हुशार मुलाचें गणिताचें पुस्तक काढून घेण्यासारखें आहे. त्याला भाषाही शिकवावी हें बरें.

आतां लहानग्यांकडे वळूं. आमच्या मतें येथें विचारावयाचा प्रश्न असा : या डावास जो उतारा आहे, तो या वयाच्या मुलांच्या हातांत आहे काय ? दाब मोडण्याचा मुख्य उपाय म्हणजे कोंडणाऱ्यांच्या डोक्यावरून किंवा मधून दूरच्या मोकळ्या गड्यास नेमका चेंडू देणें. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या दंडांत तेवढें बळ नसतें. चेंडू त्याच्या छातीएवढा असतो. त्याला मोकळा गडी दिसला तरी तेथवर चेंडू पोंचत नाहीं. अशा वेळीं डाव व उतारा यांचा तोल राहत नाहीं, आणि सामना म्हणजे एकाच टोपलीखालीं चाललेली हिसकाहिसकी होते. याच विचारानें बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्यें टोपली ३.०५ मीटरऐवजीं २.६० मीटर उंचीवर लावतात व चेंडूही लहान देतात. उंच टोपली अनीतीची आहे असें कोणी म्हणत नाहीं. ती त्या वयास पेलत नाहीं, एवढेंच. मैदानभर दाबासही तोच न्याय लावावा. दहा-अकरा वर्षांपर्यंत त्यास मनाई असावी, आणि ती मनाई दांडगाईबद्दलची शिक्षा नसून वयाचें माप आहे, हें मुलांस सांगावें. बाराव्या-तेराव्या वर्षीं तीच मुलें तो शिकावयाचींच आहेत.

आघाडी फार वाढली म्हणजे काय करावें, हा याहून अवघड प्रश्न आहे. २००९ च्या जानेवारींत टेक्सास संस्थानांतील डॅलस शहरीं मुलींच्या दोन हायस्कुलांत झालेला सामना १०० विरुद्ध ० असा संपला. जिंकलेली शाळा एक ख्रिस्ती शाळा होती. हरलेली शाळा अध्ययनांत अडचणी असलेल्या मुलांसाठीं असून तिच्या संघांत आठच मुली होत्या. मध्यंतरास ५९ विरुद्ध ० असे गुण होते. शेवटच्या पावांतही दुरून तीन गुणांचे नेम धरणें चालू होतें आणि शंभराचा आंकडा जवळ येतांना प्रेक्षकांत जल्लोष चालला होता, असें तेथें हजर असलेल्या एका पालकांनीं सांगितलें. जिंकणाऱ्या शाळेनें या विजयाबद्दल जाहीर रीतीनें खेद व्यक्त केला व तो ख्रिस्ताच्या शिकवणीस शोभणारा नाहीं असें म्हटलें. शिक्षकांनीं मात्र आपल्या मुली प्रामाणिकपणें खेळल्या, क्षमा मागण्याचें कारण नाहीं, असें उत्तर दिलें. त्यांस नोकरीवरून दूर करण्यांत आलें.

या सामन्यांत एकाही नियमाचा भंग झाला नव्हता. म्हणूनच तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. वीस गुणांच्या आघाडीनंतर दाब बंद, असा नियम लहानांच्या स्पर्धेंत करणें सोयीचें आहे व त्यास आमचा विरोध नाहीं. पण दाब बंद करूनही दुरून नेम धरून शंभरी गांठतां येते. शिक्षकाच्या डोळ्यांचें काम नियमपुस्तकाकडून होणार नाहीं. तसेंच उघड उघड दया करणेंही बरें नव्हे. समोरचा संघ चेंडू हातांत धरून मुद्दाम नेम चुकवूं लागला, कीं हरणाऱ्या मुलांस तें तत्काळ कळतें, आणि तें शंभर गुणांपेक्षां अधिक बोंचतें. बांकावर बसलेल्या मुलींस मैदानांत आणावें, पांच जणींच्या हातांतून चेंडू गेल्याशिवाय नेम धरावयाचा नाहीं असें संघास सांगावें, डाव्या हाताचा सराव करून घ्यावा. असे मार्ग पुष्कळ आहेत, व त्यांत दोन्ही संघ मनापासून खेळत राहतात.

हात टाकण्याच्या बाबतींत आमचें मत इतकें मवाळ नाहीं. एक हात प्रतिपक्षाच्या कमरेवर किंवा दंडावर ठेवून त्याची चाल मंद करावयाची, ही रीत व्यावसायिक खेळांत बरीच वर्षें चालली. अमेरिकेंतील एन. बी. ए. या संघटनेनें १९९४ पासून तिच्यावर निर्बंध घातले व २००४ पासून ते कडक रीतीनें अमलांत आणले. त्यानंतर खेळ नेभळट झाला अशी ओरड झाली. परंतु चपळ, ठेंगण्या गड्यांस मोकळी वाट मिळाली हें त्या ओरडणारांसही कबूल करावें लागलें.

याहूनही वाईट प्रकार म्हणजे फाऊललाच डाव बनविणें. फाऊल झाल्यावर मिळणारे मोकळे नेम ज्याला साधत नाहींत असा प्रतिपक्षाचा एखादा गडी हेरावयाचा, चेंडू त्याच्याकडे नसला तरी त्याला धरावयाचें, आणि तो नेम चुकवील या आशेनें बसावयाचें. १९९७ च्या डिसेंबरांत डॅलसच्या व्यावसायिक संघाचे शिक्षक डॉन नेल्सन यांनीं शिकागोच्या डेनिस रॉडमन या गड्यावर हा प्रयोग केला. त्यासाठीं बब्बा वेल्स नांवाचा नवा गडी मैदानांत पाठविला. त्यानें तीन मिनिटांच्या आंत सहा फाऊल केले व नियमाप्रमाणें तो बाद होऊन बाहेर गेला. रॉडमन यांनीं बारांपैकीं नऊ नेम साधले आणि सामना शिकागोनें जिंकला, हा भाग मौजेचा. परंतु युक्ति मेली नाहीं. पुढें शकील ओनील या धिप्पाड गड्यावर ती इतकी वापरली गेली कीं तिला त्याचेंच नांव पडलें. २०१६ सालीं एन. बी. ए. नें नियम सुधारून, प्रत्येक पावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर केलेल्या अशा फाऊलची शिक्षा वाढविली. आमच्या मतें ती सामनाभर लागू असावयास हवी होती. जो गडी नेम धरण्यांत कच्चा आहे त्यानें सराव करावा, हें खरें. पण ज्या वर्तनास नेस्मिथ यांनीं अपराध म्हटलें, त्याची किंमत आधींच हिशेबांत धरून तो अपराध विकत घेणें, हा खेळ नसून व्यापार आहे. मैदानभर दाब देणारा संघ प्रतिपक्षास आपलें कसब दाखविण्याचें आव्हान देतो; मुद्दाम फाऊल करणारा संघ खेळच थांबवितो. एकास आडदांड म्हणावें व दुसऱ्यास चतुर, असें कित्येक प्रेक्षक करतात. आम्हांस तें उफराटें वाटतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस या दाबास एखाद्या दिवशीं तोंड द्यावें लागेल, त्यांच्यासाठीं त्याचा उताराही थोडक्यांत सांगतों. गुण झाल्यावर चेंडू आंत फेंकणारास टोंकाच्या रेषेच्या बाहेर डावीउजवीकडे सरकण्याची मुभा असते. पुष्कळ मुलें हें विसरून एका जागीं खिळून उभीं राहतात. ज्याला चेंडू घ्यावयाचा त्यानें वाट पाहत न राहतां चेंडूकडे धांवत यावें, नाहीं तर मध्यें दुसऱ्याचा हात येतो. चेंडू हातीं येतांच मान खालीं घालून टप्पे देऊं नयेत. प्रथम मान वर करून मैदान पहावें. कोपऱ्याकडे व बाजूच्या रेषेकडे जाऊं नये, कारण दाब देणारास तेंच हवें असतें. दोघे अंगावर आले तर मागें वळण्याची घाई न करतां चेंडू डोक्यावर किंवा हनुवटीखालीं घट्ट धरावा, आणि लक्षांत ठेवावें कीं दोघे येथें आहेत म्हणजे कोणी तरी मोकळा आहे. एका गड्यानें नेहमीं मैदानाच्या मध्यभागीं, दोन्ही कोंडणारांच्या मधून दिसेल असें उभें रहावें. एकानें चेंडूच्या किंचित् मागें, अडचणींतला आसरा म्हणून. मधल्या गड्याच्या हातांत चेंडू पोंचला, कीं त्याच्यापुढें आपले दोन गडी व टोपलीजवळ प्रतिपक्षाचे फार तर दोन, असा हिशेब होतो; आणि एवढा वेळ पुढें पुढें धांवणाऱ्या तिघांस आतां पाठ फिरवून सबंध मैदान उलट धांवावें लागतें.